वास्कोच्या किनाऱ्यावरील कोळ्यांची वाट

वास्को द गामा हे नाव गोमंतकातील जुन्या मराठी कुटुंबांत निर्विकारपणे उच्चारले जात नाही. आमच्या एका शहरास त्याचे नाव आहे. शालेय पुस्तकांत त्याच्या सफरीची सनावळी आम्ही पाठ केली आणि पुढे त्या सफरीचे परिणाम पूर्वजांच्या स्थलांतराच्या, देवतांच्या मूर्ती रातोरात नदीपार नेल्याच्या कथांतून ऐकले. परंतु हा मनुष्य ज्या किनाऱ्यावर जन्मला तो किनारा कसा आहे, तेथील साधी माणसे कशी जगत होती, याची चौकशी आम्ही क्वचितच केली. जेत्याचे जहाज आम्हांस ठाऊक आहे. त्याच्या गावची पायवाट नाही. प्रस्तुत लेखात त्या पायवाटेचा मागोवा घ्यावयाचा आहे.

पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकास, सिनेश गावाच्या दक्षिणेपासून आल्गार्व्ह प्रांतातील बुर्गावपर्यंत, शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचा किनारा आज निसर्गोद्यान म्हणून राखलेला आहे. १९८८ मध्ये त्यास संरक्षित भूप्रदेशाचा दर्जा मिळाला व १९९५ मध्ये तो निसर्गोद्यान म्हणून घोषित झाला. या प्रदेशातून ‘रोता व्हिसेंतीना’ या नावाने ओळखले जाणारे पदभ्रमणमार्गांचे जाळे पसरलेले आहे. त्यांतील दोन मार्ग प्रमुख होत. एक ‘ऐतिहासिक मार्ग’, जो सांतियागु दु कासेंयहून निघून आतल्या खेड्यांतून संत व्हिसेंतच्या भूशिरापर्यंत जातो. दुसरा ‘कोळ्यांची वाट’. हिची लांबी सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात असून ती कड्यांच्या काठाकाठाने लागुश शहरापर्यंत पोचते. पहिल्या मार्गाच्या खुणा तांबड्या-पांढऱ्या, दुसऱ्याच्या हिरव्या-निळ्या. आम्हांस महत्त्व वाटते ते या दुसरीचे.

उत्तरेकडील सिनेश येथूनच आरंभ करू. वास्कोचा पिता एश्तेव्हांव द गामा हा येथील किल्ल्याचा अधिकारी होता. ८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघालेला वास्को मे १४९८ मध्ये कालिकतला पोचला आणि परतीच्या प्रवासात आमच्या अंजदीव बेटावर जहाजांच्या डागडुजीसाठी थांबला. मायदेशी परतल्यावर राजा मानुएलने त्यास बक्षीस म्हणून सिनेश गाव देऊ केले. पण हे गाव सांतियागु या धर्मयोद्धा-संघाच्या ताब्यात होते व संघ ते सोडावयास तयार होईना. अखेर १५०७ मध्ये वास्कोलाच सहकुटुंब सिनेश सोडून जाण्याचा हुकूम झाला. ज्याच्या सफरीने परक्यांच्या भूमीवर पोर्तुगीज हक्काची द्वारे उघडली, त्यास स्वतःच्या जन्मगावी हक्क मिळाला नाही. २४ डिसेंबर १५२४ रोजी तो कोचीन येथे वारला. इतिहासाचा हा उपरोध आमच्या पाठ्यपुस्तकांत आलेला आम्हांस स्मरत नाही.

सिनेशच्या दक्षिणेस वाट सुरू होते. ती कोणा राजाने आखलेली नाही. तिच्यावरून सैन्य गेले नाही की व्यापारी तांडे गेले नाहीत. कड्यावरून गळ टाकण्यास, खडकांच्या खोबणींत उतरण्यास, भरतीपूर्वी परत वर येण्यास कोळ्यांची व शेतकऱ्यांची पावले जेथे जेथे पडली, तेथे ती उमटली. या भागातील शेतकरी हा अर्धा कोळी असे. अलेंतेझु प्रांतातील मोठ्या जमीनदारीत मजुरी करून पोट भरत नसे, तेव्हा समुद्र हेच त्याचे दुसरे शेत. आजही विला दु बिश्पु व अल्जेझूर या भागांत ‘परसेब’ नावाचे, लाटांच्या माऱ्यात खडकाला चिकटून वाढणारे कवचधारी प्राणी काढण्यासाठी माणसे दोरावरून कड्याखाली उतरतात. एक लाट चुकली की जीव जातो. काबु सार्दांव येथे पांढरे करकोचे समुद्रातील सुळक्यांवर घरटी बांधतात. अन्यत्र झाडांवर, मनोऱ्यांवर राहणारा हा पक्षी येथे लाटांच्या माथ्यावर पिले वाढवितो. माणूस आणि पक्षी, दोघांनीही येथे कड्याच्या कडेशीच संसार थाटला आहे.

वाटेवर इतिहासाचे थरही दिसतात. विला नोव्हा दि मिलफोंतिश येथील किल्ला उत्तर आफ्रिकेच्या चाचांपासून बचावासाठी सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. म्हणजे ज्या काळी पोर्तुगीज आमच्या समुद्रात परवाने सक्तीने वाटत होते, त्या काळी त्यांच्याच कोळ्यांस स्वतःच्या दारी सुरक्षितता नव्हती. अल्जेझूरजवळ आरिफाना येथे बाराव्या शतकातील इब्न कासी या सूफी नेत्याच्या रिबातचे, म्हणजे मठवजा ठाण्याचे, अवशेष २००१ मध्ये उजेडात आले.

पुढे साग्रिश. राजपुत्र हेन्री १४६० मध्ये येथेच वारला. त्याने येथे नौकानयनाची थोर पाठशाळा स्थापिली, असे आम्ही शाळेत शिकलो. अशी रीतसर पाठशाळा असल्याचा पुरावा इतिहाससंशोधकांस मिळालेला नाही. ती कथा बव्हंशी उत्तरकालीन गौरवाची निर्मिती होय. शेजारच्या भूशिराची आख्यायिका मात्र जुनी आहे. संत व्हिसेंतच्या अस्थींची राखण कावळ्यांनी केली आणि ११७३ मध्ये त्या लिस्बनला नेल्या, तेव्हाही कावळे जहाजासोबत गेले, असे सांगतात. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आम्हां लोकांस ही कथा फारशी परकी वाटू नये.

वाट संपते लागुशला. ऑगस्ट १४४४ मध्ये येथे २३५ आफ्रिकी बंदिवान उतरविण्यात आले व त्यांची वाटणी झाली. आईपासून मूल, भावापासून भाऊ वेगळा होताना झालेल्या आकांताचे वर्णन राजपुत्राच्याच पदरचा बखरकार झुरारा याने नोंदविले आहे. एवढा सुंदर मार्ग या ठिकाणी थांबतो, हे चालणाऱ्याने विसरू नये.

आता मुख्य प्रश्न. कोळ्यांची ही वाट टिकली कशी? याचे एक उत्तर कायद्यात आहे. ३१ डिसेंबर १८६४ च्या राजाज्ञेने पोर्तुगालमध्ये समुद्रकिनारा व त्यालगतची पट्टी ही सार्वजनिक मिळकत मानली गेली. दुसरे उत्तर लोकांच्या शहाणपणात आहे. २०१२ मध्ये हे मार्ग खुले झाले, तेव्हा स्थानिक मंडळींनी नवे रस्ते बांधले नाहीत; कोळी ज्या वाटेने जात होते तिलाच खुणा केल्या, नकाशात घातले आणि नावही कोळ्यांचेच ठेवले. वहिवाट होती, तिला मान्यता मिळाली.

तेथे सारे गोड आहे असे मात्र नव्हे. ओदेमिरा भागात, उद्यानाच्या हद्दीतच, प्लॅस्टिकच्या छपरांखाली रासबेरीसारख्या फळांची शेती चालते आणि ती फळे खुडण्यास भारत, नेपाळ व बांगलादेश येथून माणसे जातात. २०२१ मध्ये कोविडच्या साथीत तेथील दोन परिसरांची नाकेबंदी झाली, तेव्हा हे मजूर किती दाटीवाटीने राहतात हे जगाने पाहिले. वास्कोच्या जन्मगावापासून जवळच, पाचशे वर्षांनंतर, आमच्या उपखंडातील माणूस दुसऱ्याच्या शेतात वाकून उभा आहे. पदभ्रमण करणाऱ्याच्या नकाशात त्याची वाट अद्याप आलेली नाही.

हे सारे लिहिण्यास एक खाजगी निमित्त आहे. आमची नोकरी महसूल खात्यात गेली. अनेक वर्षांपूर्वी किनाऱ्यावरील एका गावात वाटेचा तंटा चौकशीस आला. नव्या मालकाने कुंपण घातले होते आणि समुद्राकडे जाणारी पारंपरिक वाट बंद झाली होती. एका वृद्ध खारवी बाईने आम्हांस कुंपणापलीकडील तीन चिऱ्यांच्या पायऱ्या दाखविल्या. पाटी डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बायांच्या पावलांनी त्या मध्यभागी खोलगट झाल्या होत्या. “साहेब, नकाशा कालचा, ह्यो पांवडे आमच्या आजयेच्या,” एवढेच ती बोलली. आम्ही सर्व्हे नकाशा पाहिला. त्यात वाट नव्हती. नियमास धरून अर्ज निकाली काढला. त्या आदेशावर सही आमची होती.

वहिवाट या शब्दातच वाट आहे, हे आम्हांस निवृत्तीनंतर उमगले. साम्राज्ये जातात, राजाज्ञा बदलतात. पावलांनी झिजलेला दगड साक्ष देत राहतो, पण ती नोंदवून घेणारा कोणी असावा लागतो. ज्यांच्या किनाऱ्यावरून आमच्यावर राज्य करणारे आले, त्यांनी आपल्या कोळ्यांची वाट कागदावर आणली. आम्ही स्वतंत्र झालो. तरी आमच्या खारवी-गाबितांची वाट अजून किती ठिकाणी कुंपणाआड आहे! मंडळाच्या सभासदांस आमची विनंती एवढीच : आपापल्या गावची समुद्राकडे, नदीकडे, देवळाकडे जाणारी जुनी वाट ज्यांना आठवते, त्या वृद्धांस सोबत घेऊन ती एकदा चालावी आणि लिहून ठेवावी. आम्ही जे नोंदविले नाही, ते निदान आपण नोंदवावे.