तिकिटाचे पैसे आणि वरचे पैसे



2007 साली मी आमच्या मंडळाचा खजिनदार होतो. (खजिनदार व्हायला फार पात्रता लागत नाही. ज्या सभेत निवड होते तिला उशिरा पोचलं की झालं.) त्या वर्षी मुंबईहून नाटक येणार होतं आणि नेहमीचं शाळेचं सभागृह मिळालं नाही, म्हणून आम्ही जरा हिंमत करून शहरातलं एक बरं थिएटर घेतलं. करारात एक कलम होतं, तिकिटं विकायची ती थिएटरच्याच यंत्रणेतून. आम्ही म्हटलं, बरंच झालं, घरोघरी फोन करायचा त्रास वाचला. तिकीट ठेवलं 35 डॉलर. लोकांच्या कार्डावर पडले 43 आणि वर काही सेंट.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. एका काकांनी तर सरळ विचारलं, "अहो, कमिटीचं जेवण आमच्या तिकिटातून का?" मी थिएटरच्या मॅनेजरकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, ते पैसे आमचे नाहीत, तिकीट विकणाऱ्या कंपनीचे आहेत. मग जरा थांबून म्हणाला, अर्थात त्यातले थोडे आमच्याकडे परत येतात.

हे "परत येतात" काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, त्याचं हे सार.

आपल्यातले बरेच जण दादर-पुण्याच्या नाट्यगृहांच्या खिडकीवर वाढलेले. आत बसलेले गृहस्थ खुर्च्यांचा तक्ता पुढे सरकवायचे, आपण बोट ठेवायचं, ते पेन्सिलीने फुली मारायचे. जो दर पाटीवर तोच खिशातून जायचा. वरचे पैसे असत ते सरकारचे. 1923 च्या मुंबई करमणूक कर कायद्यापासून ते चालत आले होते, आणि सिनेमाच्या तिकिटावर मूळ दर आणि कर वेगळे छापलेले असत.

या कराची एक गंमत सांगून पुढे जातो. 1 नोव्हेंबर 1996 ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला. शिवउद्योग सेनेच्या मदतीसाठी तो कार्यक्रम होता आणि त्या वेळच्या युती सरकारने त्यावरचा करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत या माफीविरुद्ध हायकोर्टात गेली. तीन कोटींहून जास्त रक्कम कोर्टात अडकून पडली. 2011 मध्ये कोर्टाने सरकारला फेरविचार करायला सांगितलं आणि जानेवारी 2021 मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने कर पुन्हा माफ केला. जॅक्सन जाऊन तेव्हा अकरा वर्षं होऊन गेली होती आणि करमणूक करही 2017 मध्ये जीएसटीत विरघळला होता. असो. मुद्दा एवढाच की आपल्याकडे वरच्या पैशांचं भांडण झालं ते सरकारशी. अमेरिकेत ते खाजगी कंपन्यांशी झालं आणि म्हणूनच ते जास्त किचकट आहे.

इथली गोष्ट साठच्या दशकाच्या शेवटी सुरू होते. तोपर्यंत तिकिटं छापील गठ्ठ्यांत यायची आणि प्रत्येक दुकानाच्या वाट्याला ठराविक खुर्च्या. एकीकडे गठ्ठा पडून राहायचा, दुसरीकडे लोक परत जायचे. टिकेट्रॉन नावाच्या कंपनीने हे काम कॉम्प्युटरवर आणलं. कुठल्याही विक्री केंद्रावरून त्या क्षणी शिल्लक असलेली सगळ्यात चांगली खुर्ची मिळायला लागली. ही सोय खरी होती आणि तिच्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला कोणाची ना नव्हती. "कन्व्हिनियन्स" हा शब्द त्या काळी लबाडीचा नव्हता.

1976 मध्ये अ‍ॅरिझोनात फिनिक्सला तिकीटमास्टरची सुरुवात झाली. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीशी संबंधित मंडळींनी प्रोग्रॅम लिहिला आणि 1977 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाची तिकिटं त्यावर विकली. काही वर्षं कंपनी छोटीच होती. 1982 मध्ये हयात हॉटेलवाल्या प्रिट्झकर कुटुंबाने ती घेतली, आणि फ्रेड रोझेन नावाचा न्यूयॉर्कचा वकील तिचा प्रमुख झाला.

रोझेनने जे केलं ते कळलं की पुढचं सगळं कळतं, म्हणून इथे जरा थांबतो. रुळलेली पद्धत अशी होती की तिकिटं विकून देण्याचा खर्च थिएटरच्या गळ्यात पडायचा. रोझेनने गणित उलटं केलं. तो थिएटरला म्हणाला, तुम्ही मला काही देऊ नका, मीच तुम्हाला देतो. गिऱ्हाइकावर सर्व्हिस चार्ज लावू, त्यातला हिस्सा तुमचा. कधीकधी तर आगाऊ रक्कमच हातावर ठेवायची. बदल्यात एकच अट, पुढची काही वर्षं तुमची सगळी तिकिटं फक्त मी विकणार. कोणता थिएटरवाला नाही म्हणेल? कलाकार, प्रमोटर, बँड सगळे तिकिटाच्या छापील किंमतीतून आपापला वाटा ओढत असत. सर्व्हिस चार्ज मात्र त्या वाटणीच्या बाहेरचा. मोठे कलाकार मुख्य रकमेतला मोठा लचका घ्यायला लागले तसतशी थिएटरवाल्यांना ही बाजूची बरणी आवडायला लागली.

आणि शिव्या? त्या तिकीट कंपनीने खायच्या. हाही सौद्याचाच भाग. थिएटर चांगलं, कलाकार चांगला, वाईट कोण तर मधला. आमच्या नाटकाच्या वेळी तर शिव्या मीच खाल्ल्या, त्याही फुकट.

1991 मध्ये तिकीटमास्टरने टिकेट्रॉनच विकत घेतली आणि न्याय खात्याने हरकत घेतली नाही. मोठी हॉल आणि स्टेडियम यांच्या बाबतीत स्पर्धा म्हणावी अशी जवळजवळ उरलीच नाही.

मग 1994 मध्ये पर्ल जॅम. त्या वर्षी अमेरिकेतला सगळ्यात लोकप्रिय रॉक बँड म्हणावा असा हा सिअ‍ॅटलचा बँड अडून बसला की आमचं तिकीट 18 डॉलर, वर सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त 1 डॉलर 80 सेंट, आणि तो तिकिटावर वेगळा दिसला पाहिजे, म्हणजे कोण किती घेतो ते पोरांना कळेल. जमलं नाही. मे महिन्यात बँडने न्याय खात्याकडे तक्रार केली आणि 30 जूनला त्यातले दोघे, स्टोन गॉसर्ड आणि जेफ अ‍ॅमेंट, काँग्रेसच्या उपसमितीसमोर साक्षीला बसले. उन्हाळ्याचा दौरा त्यांनी रद्दच केला.

1995 मध्ये त्यांनी दुसऱ्या छोट्या तिकीट कंपनीला घेऊन दौरा काढला. आता अडचण अशी की बहुतेक मोठी सभागृहं करारांनी बांधलेली. म्हणजे जत्रेची मैदानं शोधा, कुंपण घाला, पोलिसांची परवानगी काढा. दौरा सुरू झाला तो वायोमिंगमधल्या कॅस्परला, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये गायक एडी व्हेडर आजारी पडून सात गाण्यांनंतर उतरला. उरलेला वेळ नील यंगने निभावला. दौरा तिथेच मोडला. त्याच जुलैमध्ये न्याय खात्याने चौकशी बंद केल्याचं जाहीर केलं, तेही दोन ओळींत. 1998 च्या दौऱ्यात पर्ल जॅमची तिकिटं परत तिकीटमास्टरकडे होती.

याहून मला बोलका वाटला तो 1998 चाच एक कोर्टाचा निकाल. तिकीट घेणाऱ्या काही सामान्य लोकांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिकीटमास्टरवर दावा लावला होता. फेडरल अपील कोर्टाने नुकसानभरपाईची मागणी फेटाळली. कारण? तिकीट विकण्याची सेवा थिएटर खरेदी करतं, प्रेक्षक नव्हे. प्रेक्षक "अप्रत्यक्ष" गिऱ्हाईक आणि 1977 च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानुसार अप्रत्यक्ष गिऱ्हाइकाला भरपाई मागता येत नाही. तिन्हींपैकी एका न्यायमूर्तीला हे पटलं नाही, पण बहुमत ते बहुमत. कार्ड आपलं, पैसे आपले, आणि गिऱ्हाईक मात्र दुसराच! मॅनेजरचं "परत येतात" मला खऱ्या अर्थाने कळलं ते हा निकाल वाचल्यावर. त्याच्या दृष्टीने मी चौकशी करायलाच चुकीच्या माणसाकडे आलो होतो, किंवा मीच चुकीचा माणूस होतो.

एवढं सगळं सर्व्हिस चार्जवर ढकलणंही बरोबर नाही. मूळ तिकिटं पण सुसाट गेली. 1994 मध्ये ईगल्स परत एकत्र आले तेव्हा त्यांनी तिकीट शंभर डॉलरच्या वर नेलं आणि लोकांनी दिले. प्रिन्स्टनचे अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन क्रूगर यांनी हिशोब मांडला होता, 1996 ते 2003 मध्ये कार्यक्रमांची सरासरी तिकिटं 82 टक्क्यांनी वाढली, तेव्हा सर्वसाधारण महागाई फक्त 17 टक्के. त्यांचं म्हणणं, पूर्वी स्वस्त तिकीट म्हणजे रेकॉर्ड खपवायची जाहिरात होती. गाणी फुकट उतरवून घेता यायला लागल्यावर खपवायला रेकॉर्डच राहिली नाही, मग दौऱ्यातच सगळं वसूल. आपल्यापैकी ज्यांनी नॅपस्टरवरून रात्रभर गाणी उतरवली (हात वर करा, मीही करतो) त्यांनी जरा जपूनच ओरडावं.

इकडे प्रमोटर मंडळीही एकत्र होत गेली. रॉबर्ट सिलरमनने नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात गावोगावचे प्रमोटर विकत घेऊन एक मोठी कंपनी उभी केली, 2000 मध्ये ती क्लिअर चॅनेलला विकली, आणि 2005 मध्ये त्यातून लाइव्ह नेशन वेगळी निघाली. फेब्रुवारी 2009 मध्ये स्प्रिंगस्टीनची तिकिटं घ्यायला गेलेल्या लोकांना तिकीटमास्टरने आपल्याच मालकीच्या पुनर्विक्रीच्या साइटकडे वळवल्याचं उघड झालं. म्हणजे दादरला थिएटरबाहेर जो ब्लॅकवाला उभा असायचा तो आता खिडकीच्या आतच बसलेला. स्प्रिंगस्टीनने जाहीर संताप व्यक्त केला. तरी जानेवारी 2010 मध्ये लाइव्ह नेशन आणि तिकीटमास्टर एक झाल्या, सरकारने काही अटी घातल्या एवढंच. 2019 मध्ये अटी पाळल्या नाहीत असं न्याय खात्याचं म्हणणं पडलं आणि त्यांची मुदत वाढवली गेली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, भराभर सांगतो. 2018 च्या एका सरकारी अहवालात तपासलेल्या कार्यक्रमांत वरचे आकार सरासरी 27 टक्के निघाले. नोव्हेंबर 2022 मध्ये टेलर स्विफ्टच्या तिकिटांना यंत्रणा कोसळली आणि ज्या घरात मुली आहेत त्या घरात काय झालं ते विचारू नका. मार्च 2023 मध्ये द क्युअर बँडच्या रॉबर्ट स्मिथने मुद्दाम 20 डॉलरची तिकिटं ठेवली, तर आकार 20 च्या वर गेले. त्याने एवढा आरडाओरडा केला की कंपनीने स्वस्त तिकिटांवर 10 आणि बाकीच्यांवर 5 डॉलर परत केले. एका माणसाने ओरडून जे मिळवलं ते 1994 च्या सुनावणीने मिळालं नव्हतं. मे 2024 मध्ये न्याय खात्याने आणि 29 राज्यांनी लाइव्ह नेशनवर दावा दाखल केला. मुंबईलाही हे चुकलं नाही, सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या कार्यक्रमासाठी एक कोटीहून जास्त लोक ऑनलाइन रांगेत होते, आणि पुण्याच्या भाच्याने मला अमेरिकेतून "ट्राय" करायला सांगितलं. केलं. नाही मिळालं.

12 मे 2025 पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार इथे कार्यक्रमाच्या तिकिटाची पूर्ण किंमत पहिल्यापासून दाखवणं बंधनकारक झालं. न्यूयॉर्क राज्याने 2022 मध्येच तसा कायदा केला होता. गंमत बघा, 1994 मध्ये पर्ल जॅम भांडत होते की आकार वेगळा दाखवा. तीस वर्षांनी सरकारने सांगितलं की सगळा मिळून एकच आकडा ठळक दाखवा. छापील किंमतीवर वाढलेल्या आपल्या लोकांना हा दुसरा प्रकार बरा वाटतो, मलाही वाटतो, कारण शेवटच्या पानावरचा धक्का गेला. पण कोणाच्या खिशात किती जातं हे 43 च्या आकड्यातून कळत नाही, आणि वाटणी आतल्या आत तशीच राहू शकते.

आमच्या नाटकाचं काय झालं ते राहिलंच. नाटक उत्तम झालं. हिशोबाच्या सभेत मी थिएटरकडे लेखी विचारलं होतं की 412 तिकिटांवर तुम्हाला किती परत आले. उत्तर आलं की तो त्यांच्या आणि कंपनीच्या करारातला मजकूर आहे, मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही. ते पत्र मी वाचून दाखवलं. जेवणाबद्दल विचारणारे काका पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, "म्हणजे जेवले ते तुम्ही नाही, हे मान्य." पुढच्या वर्षी आम्ही परत शाळेच्या सभागृहात गेलो. तिथे पडदा मध्येच अडकायचा, पण तिकिटं माझ्या बायकोने स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून विकली, खुर्च्यांच्या तक्त्यावर पेन्सिलीने फुल्या मारत.

चूभूद्याघ्या.