कार्यमापन साधनातील संहिता-बदलांचे परीक्षण : लिनक्सच्या ‘पर्फ’चा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रांना आणि त्यांच्या निर्मात्यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे आज्ञावलीत नित्य होणाऱ्या बदलांच्या तपासणीला मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात लिनक्सच्या ‘पर्फ’ या कार्यमापन साधनाच्या संदर्भात ही तपासणी कशी घडत गेली व एका प्रसंगी ती कोठे अपुरी पडली, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

प्रोग्रामचा वेळ नेमका कोठे खर्च होतो, हा प्रश्न जुनाच. डोनाल्ड नूथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान प्रोग्रामांचा अभ्यास करून असे दाखविले की, साधारणतः ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ घेतो. १९८२ मध्ये बर्कले येथील ‘जीप्रॉफ’ने कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले, याचाही हिशेब मांडला. संहिता-परीक्षणाची परंपरा स्वतंत्रपणे वाढत होती. आयबीएममधील मायकेल फेगन यांनी १९७६ मध्ये तिची शिस्तबद्ध पद्धत प्रसिद्ध केली.

‘पर्फ’चा उदय :

प्रोसेसरमधील मोजणी-नोंदकांचा (काउंटरचा) वापर लिनक्समध्ये २००२ पासून ‘ओप्रोफाइल’ करीत होते. स्टेफान एरानियन यांचा ‘पर्फमॉन २’ हा प्रकल्प त्याहून व्यापक होता. परंतु डझनभर नव्या सिस्टीम कॉलांचा हा प्रचंड डोलारा कर्नलच्या परीक्षकांना पेलवेना. तो लहान तुकड्यांत आणावा, असा आग्रह झाला. असे तुकडे येत असतानाच डिसेंबर २००८ मध्ये थॉमस ग्लाइक्सनर व इंगो मोलनार यांनी एकाच सिस्टीम कॉलवर उभा असलेला निराळा प्रस्ताव मांडला. सप्टेंबर २००९ मधील २.६.३१ या आवृत्तीत तो समाविष्टही झाला. वर्षानुवर्षांचे काम बाजूला सारून काही महिन्यांच्या कामाला प्रवेश मिळावा, ही गोष्ट एरानियन यांच्या दृष्टीने सुखद असणे शक्य नव्हते. तथापि जे वाचून तपासता येते तेच स्वीकारले जाते, हा परीक्षणाचा स्वभाव येथे स्पष्ट दिसतो. पुढे एरानियन यांनी ‘पर्फ’लाच हातभार लावला, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

‘पर्फ’चे वापरकर्त्याकडील साधनही कर्नलच्याच संहितावृक्षात ठेवण्यात आले. त्यामुळे दोन्ही बाजूंचे बदल एकत्र तपासता येऊ लागले. प्रत्येक बदलाखाली कर्त्याची व तो पुढे पाठविणाऱ्याची स्वाक्षरी-ओळ असते. ही प्रथा २००४ मध्ये, एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर, सुरू झाली. मात्र कार्यमापन साधनाच्या परीक्षणात एक विशेष अडचण आहे. अशा साधनात चूक असली तरी प्रोग्राम चालतो, आकडे येतात. फक्त ते खोटे असतात.

२०१० चा बदल व त्याचे परिणाम :

२०१० मध्ये विविध मोजणी-घटकांची नोंदणी सुटसुटीत करणारा एक बदल आला व २.६.३७ आवृत्तीत गेला. बदल मोठा व उपयुक्त होता. त्यात वापरकर्त्याने दिलेला ६४ बिटांचा क्रमांक ३२ बिटांच्या, ऋण किंमतही धारण करू शकणाऱ्या चलात ठेवला गेला. त्यानंतर क्रमांक मर्यादेपेक्षा मोठा नाही ना, हे पाहिले जाई. तो शून्याहून लहान असेल, हे कोणाच्याही ध्यानी आले नाही. परीक्षकाला तपासणीची ओळ समोर दिसत होती, आणि बहुधा म्हणूनच चलाच्या प्रकाराकडे नजर गेली नसावी. ऋण क्रमांक दिल्यास कर्नल यादीच्या हद्दीबाहेरील स्मृतीत फेरफार करी.

हा दोष दोन वर्षांहून अधिक काळ टिकला. तो सापडला तो माणसाच्या वाचनातून नव्हे, तर सिस्टीम कॉलांवर यादृच्छिक मूल्यांचा मारा करणाऱ्या ‘ट्रिनिटी’ या साधनामुळे. एप्रिल २०१३ मध्ये झालेली दुरुस्ती म्हणजे मुख्यतः चलाचा प्रकार बदलणे. तिच्या टिपणात हद्दीबाहेरील प्रवेशाचा उल्लेख होता. परंतु सामान्य वापरकर्ता त्याआधारे संपूर्ण यंत्राचा ताबा घेऊ शकतो, हे त्यात नव्हते. मे महिन्यात तसे करून दाखविणारा प्रोग्राम उघडपणे प्रसृत झाला, तेव्हा सीव्हीई-२०१३-२०९४ या क्रमांकाने नोंदलेल्या या दोषाचे गांभीर्य लक्षात आले. अनेक वितरकांनी हा भाग आपल्या जुन्या आवृत्त्यांतही उतरवून घेतला होता, साहजिकच २.६.३२ वर आधारलेली रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ ही प्रणालीही त्यात सापडली.

यानंतर मेन विद्यापीठातील व्हिन्स वीव्हर यांनी ‘ट्रिनिटी’च्या आधारे केवळ ‘पर्फ’साठीच ‘पर्फ-फझर’ हे साधन विकसित केले व त्यातून आणखी दोष उजेडात आले. २०१६ मधील ४.६ आवृत्तीपासून सामान्य वापरकर्त्याला कर्नलचे मापन करण्याची मुभा मूळ मांडणीतूनच काढून घेण्यात आली.