मामूंचं गेज

माझ्या पुस्तकांच्या कपाटात सगळ्यात खाली एक जुनं मॅनिफोल्ड गेज आहे. घड्याळासारख्या दोन तबकड्या, एक निळी आणि एक लाल, आणि त्यांना जोडलेल्या तीन रबरी नळ्या. निळी कमी दाबाची, लाल जास्त दाबाची, मधली पिवळी गॅसच्या बाटल्याची. घरी येणाऱ्यांना ते एखादं डॉक्टरी उपकरण वाटतं. ते माझ्या मामूंचं आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि तिथले लाखाहून अधिक भारतीय अम्मानमार्गे विमानाने मायदेशी आणले गेले. त्यांत मामू होते. बारा वर्षांची कमाई तिकडेच राहिली. खांद्यावरच्या बॅगेत दोन जोड कपडे, पासपोर्ट आणि हे गेज एवढंच आलं.

मामू कुवेतमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करायचे. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून आखातात गेलेली माणसं ड्रायव्हर, वेल्डर, स्वयंपाकी अशी होती, तसे हे एसीवाले. परत आल्यावर कुर्ल्याच्या एका गॅरेजात त्यांना काम मिळालं. शाळेच्या सुट्टीत मी तिथे हेल्पर म्हणून जायचो. पाने पुसणं, चहा आणणं, नळ्या जोडणं ही माझी कामं.

१९९४ च्या मे महिन्यात एका टुरिस्ट अ‍ॅम्बॅसॅडरचा कॉम्प्रेसर उतरवायचा होता. नळ्या मी जोडल्या. गेजवर शून्य दिसत होतं, म्हणजे सिस्टीम रिकामी, असं आम्ही दोघांनी धरलं. प्रत्यक्षात नळीच्या टोकाची पिन व्हॉल्व्हवर नीट दाबलीच गेली नव्हती. आत गॅस भरलेला होता, आणि गेजला तो दिसत नव्हता. मामूंनी नट सैल केला आणि द्रवरूप गॅसची धार थेट त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळ्यावर चष्मा नव्हता. त्या गॅरेजात तो कोणाकडेच नव्हता. मामूंनी डोळा चोळला, कुणीतरी ओला रुमाल दिला, अर्ध्या तासाने आम्ही दवाखान्यात पोचलो. त्या डोळ्याला आजही फक्त उजेड आणि सावली कळते.

मामूंनी मला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून हा गॅस काय आहे, कुठून आला, आणि त्याच्यासोबत काम करायची रीत आमच्यापर्यंत का पोचली नाही, हे मी वाचत आलो. हा लेख त्या वाचनातून आला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थंडी बनवणाऱ्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड वापरत. तिन्ही विषारी, अमोनिया आणि मिथाइल क्लोराइड पेटूही शकतात. गळती झाली की घरातली माणसं मरत. यावर उपाय म्हणून अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन व फ्लोरीन असलेला नवा वायू पुढे आणला. तो पुढे फ्रिऑन, आर-१२ या नावांनी जगभर गेला. १९३० साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत मिजलीने हा वायू छातीभर ओढून घेतला आणि सोडलेल्या श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झालं. पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा शोधही याच माणसाचा. पुढे पोलिओने अंथरुणाला खिळल्यावर स्वतःला उठवण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची व्यवस्था केली होती. १९४४ साली त्याच दोऱ्यांत गळा अडकून तो गेला.

गाडीत एसी आला तो पॅकार्ड कंपनीच्या १९४० च्या मॉडेलमध्ये. गार हवेची कॉइल मागे डिकीत होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. किंमत २७४ डॉलर. तो फार खपला नाही. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा पुढच्या भागात आटोपशीर बसवली आणि मग अमेरिकेत एसी सर्रास झाला. आखातात तेलाचा पैसा आला तेव्हा तिथल्या उन्हात एसीशिवाय गाडी ही कल्पनाच उरली नाही. मामूंसारख्यांना काम मिळालं ते त्यामुळे.

मिजलीच्या प्रयोगात खोटं काही नव्हतं, पण अपुरं पुष्कळ होतं. आर-१२ पेटत नाही हे खरं. पण ज्योतीतून गेला की त्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड आणि थोडासा फॉस्जीन तयार होतो. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांत सोडलेला वायू. आणि आमच्याकडे गळती शोधायची रीत काय होती? हॅलाइड टॉर्च. पेटत्या दिव्याची नळी पाइपावरून फिरवायची. गॅस गळत असेल तर ज्योत हिरवी होते. मामू तोंड जवळ नेऊन ती ज्योत बघत. शेजारी कुणाची तरी बिडी पेटलेली असे. संध्याकाळी घशाला खवखव व्हायची, ती सगळे धुळीच्या नावावर टाकत.

दुसरी गोष्ट, हा वायू हवेपेक्षा जड. गाडीखालच्या खड्ड्यात तो साचतो, हवेला बाजूला सारतो, आणि वास जवळजवळ नसल्याने खाली उतरलेल्याला काही कळत नाही. तिसरी गोष्ट मामूंच्या डोळ्याची. आर-१२ उणे ३० अंशांच्या आसपास उकळतो. द्रवाची धार कातडीवर पडली तर ती जागा क्षणात गोठते. अशा वेळी चोळायचं नसतं. कोमट किंवा साध्या स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धूत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे मला १९९४ साली माहीत असतं तर, हा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे.

इकडे आकाशात वेगळीच गोष्ट घडत होती. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की हे वायू खाली नष्ट होत नाहीत; वर जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोन खातो. १९८५ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची नोंद प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल करार झाला.

या करारामागे एक नाव आहे, जे आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही: मुस्तफा कमाल तोलबा. इजिप्तमधल्या झिफ्ता गावी १९२२ साली जन्मलेले हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९७५ ते १९९२ संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख होते. कारखानदार देश, गरीब देश, कंपन्या आणि शास्त्रज्ञ यांना एका टेबलाशी बसवून ठेवण्याचं काम त्यांनी केलं. भारताने सुरुवातीला सही केली नाही. आपला मुद्दा रास्त होता: छिद्र पाडलं श्रीमंत देशांनी, तर गॅस बदलण्याचा खर्च आम्ही का उचलायचा? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत गरीब देशांसाठी निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. २००८ साली आपल्याकडे, दम्याच्या पंपांसारख्या औषधी वापराचा अपवाद सोडून, या वायूंचं उत्पादन थांबलं.

गाड्यांत आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही. पण तेल वेगळं, रबरी सील वेगळे. जुन्या गाडीत नुसता नवा गॅस भरला तर आतलं खनिज तेल त्याच्यात मिसळत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. चूक होऊ नये म्हणून कंपन्यांनी नव्या गॅसचे जोडच वेगळ्या मापाचे केले. कमी आणि जास्त दाबाचे जोडही एकमेकांत बसत नाहीत. चांगली युक्ती होती. पण आमच्या गल्लीत आठवड्याभरात अ‍ॅडॉप्टर मिळू लागले. त्या जोडामागचं कारण कोणी समजावलं नव्हतं, तेव्हा तो लोकांना अडथळाच वाटला.

अमेरिकेत १९९० च्या कायदा-दुरुस्तीनंतर गाडीच्या एसीवर पैसे घेऊन काम करणाऱ्याला प्रमाणपत्र आणि गॅस परत ओढून घेणारं यंत्र सक्तीचं झालं. आपल्याकडेही त्या निधीतून मेकॅनिकांची प्रशिक्षणं झाली. मामू त्यांपैकी एकालाही गेले नाहीत. कोणी कळवलं नाही, आणि कळलं असतं तरी रोजंदारी बुडवून जाणं परवडलं नसतं. जुना गॅस ‘सोडून देणे’ हेच चालू राहिलं. नट सैल करायचा, फुस्स आवाज ऐकायचा, पुढच्या कामाला लागायचं. आज हिशेब केला तर आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट ताप धरतो. लहान गाडीतला अर्धा किलो गॅस सोडला की ते साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळण्यासारखं आहे. म्हणूनच २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये किगाली इथे या गॅसवरही मर्यादा घालण्याचं ठरलं. तोलबा त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होणार आहे. युरोपात नव्या गाड्यांत आता आर-१२३४वायएफ असतो. त्याने ताप जवळजवळ वाढत नाही, पण तो थोडा पेट घेतो. म्हणजे मिजलीची मेणबत्ती आता पुन्हा दूर ठेवायची आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे भिवंडी. मामूंचा मुलगा तिथे ट्रकांचं काम करतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला आहे. पन्नास अंशांच्या केबिनमध्ये आयुष्य काढलेल्या ड्रायव्हरांसाठी ही उशिरा आलेली चांगली गोष्ट आहे. पण हे लाखो एसी दुरुस्त कोण करणार? महाराष्ट्रातल्या हायवेवरची, नाक्यानाक्यावरची गॅरेजं बघा. त्यांत आपली पोरं किती आहेत हे वेगळं सांगायला नको. शाळा सुटलेल्या मुलाला उस्तादाच्या हाताखाली ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. तिने हजारो घरं चालवली. पण उस्तादाला जे माहीत नसतं, ते शागिर्दालाही कळत नाही.

म्हणून मामूंच्या मुलाला जे सांगितलं, ते इथे लिहितो. गेजवर शून्य दिसलं म्हणजे सिस्टीम रिकामी, असं धरू नका. पिन बसली का पाहा, दोन्ही बाजू तपासा, आणि नट उघडताना तोंड बाजूला ठेवा. बंद बाजूंचा चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावू नका. गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी यंत्राने ओढून घ्या. गळती शोधायला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर किंवा साबणाचं पाणी वापरा, ज्योत नको. दाब द्यायचा तर कोरडा नायट्रोजन, तोही रेग्युलेटर लावून. वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. आर-१३४ए असलेल्या सिस्टीममध्ये दाबाची हवाही भरायची नाही. इंजिन चालू असताना गॅसच्या डब्यासाठी लाल बाजू उघडायची नाही, दाब उलटा डब्यात शिरून तो फुटतो. खड्ड्यात उतरण्याआधी पंखा लावा. गॅस भरण्याआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम करा, कारण आत राहिलेल्या पाण्याचं आम्ल होऊन सगळं आतून खातं.

आणि स्वस्त गॅस घेऊ नका. २०११ साली व्हिएतनाम आणि ब्राझीलमध्ये रेफ्रिजरेटेड कंटेनरच्या यंत्रांचे स्फोट होऊन तीन कामगार गेले. त्यांत आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. अ‍ॅल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन हवा लागताच पेटणारा पदार्थ तयार होतो. ज्या विषाला हटवण्यासाठी १९३० मध्ये नवा वायू आला, ते विष ऐंशी वर्षांनी स्वस्ताईच्या वाटेने परत आलं. एलपीजी भरून देणारेही आहेत. डॅशबोर्डच्या मागे तो गळला तर काय होईल, हे सांगायला नको. इलेक्ट्रिक गाडी आली तर नारिंगी तारा दिसताच हात मागे घ्या. उच्च दाबाची वीज तोडण्याची कंपनीची रीत शिकल्याशिवाय तो कॉम्प्रेसर उघडायचा नाही, आणि नेहमीचं तेल त्यात घालायचं नाही.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारला भिवंडीला गेलो होतो. मामू आता सत्तरीपुढे आहेत, दुपारभर गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसतात. आतून पान्याचा आवाज आला की मान न वळवता विचारतात, “चष्मा कुठे आहे?” नवा पोरगा आला की त्याला आधी हाच प्रश्न. मी त्यांना गेज परत हवं का विचारलं. म्हणाले, “तुझ्याकडेच असू दे. त्याची पिन घासली आहे, ते शून्य खोटं दाखवतं.”

तीस वर्षांत पहिल्यांदा ते त्या दिवसाविषयी माझ्याशी बोलले होते.