छप्पन दिक्कुमारी आणि परसदारची सुईण



चातुर्मास लागला त्याच आठवड्यात लेकीचा लेस्टरहून फोन आला. तिला सातवा महिना होता. बोलता बोलता म्हणाली, "आई, सगळं नीट असलं तर बाळंतपणाला डॉक्टर नसतील हं. मिडवाइफच करते सगळं."

"मिडवाइफ म्हणजे सुईण?" मी जवळजवळ ओरडलेच. एवढ्या पुढारलेल्या देशात जाऊन माझी लेक सुईणीच्या हाती बाळंत होणार! त्या रात्री झोप लागली नाही. मग माझ्या सवयीप्रमाणे मी वाचायला बसले. ते तुमच्यासमोर ठेवते, कारण परदेशी लेकी-सुना असलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणींना हा फोन कधी ना कधी येणार आहे.

सुरुवात मात्र घरातूनच करते. आपल्याकडे पंचकल्याणक पूजेत मुली नटूनथटून छप्पन कुमारी होतात, मातेची सेवा करतात, तिला कोडी घालतात. आम्हा दिगंबर घरांत ही सेवा गर्भकाळातली म्हणून ऐकलेली. माझ्या श्वेतांबर मैत्रिणीनं मला जंबूद्वीपप्रज्ञप्तीतलं वर्णन दाखवलं, तेव्हा मी थक्क झाले. तीर्थंकरांचा जन्म होताच दिक्कुमारींची आसनं डळमळतात आणि त्या धावत येतात. पहिल्यांदा काय करतात? मातेला वंदन करून सांगतात, आम्ही आलो आहोत, तू भिऊ नकोस. मग कामं वाटून घेतात. आठ जणी वाऱ्यानं जागा झाडून स्वच्छ करतात, आठ जणी पाणी शिंपडून धूळ बसवतात. कोणी आरसे, कोणी कलश, कोणी पंखे, कोणी चवऱ्या घेऊन उभ्या राहतात, चौघी दिवे धरतात. शेवटच्या चौघी बाळाची नाळ चार अंगुलं ठेवून कापतात आणि खड्डा करून ती पुरतात. पुढे केळीची तीन घरं उभारून माय-लेकरांना तेल लावणं, न्हाऊ घालणं, चंदनाच्या लाकडांचा अग्नी करून रक्षेची पुरचुंडी बांधणं.

तीर्थंकरमातेला कळा सोसाव्या लागत नाहीत, ती गोष्ट वेगळी. पण नाळ कापणं, वाटेवरची धूळ काढणं, न्हाऊ घालणं ही सुईणीचीच कामं ना? आगमानं ती देवींना दिली आहेत.

आता माझ्या आजीच्या घरची गोष्ट. सांगलीकडच्या खेड्यातला आमचा वाडा. माजघरामागची अंधारी खोली बाळंतिणीची. आजीची सात बाळंतपणं एकाच सुईणीनं केली. आजी सांगायची, "ती आली की अर्ध्या कळा कमी व्हायच्या." रात्र रात्र पाठ चोळत बसायची, मध्येच उठवून खोलीत फिरवायची, खांबाला धरून उभं राहायला लावायची. पण ती यायची परसदारानं आणि जायची परसदारानं. लुगडं, खण-नारळ आणि सुपातून धान्य मिळायचं, ते अंतरावरून. ती गेली की तिच्या वाटेवर पाणी शिंपडलं जायचं. सोयर घराला दहा दिवस, तिला मात्र जन्मभर. पूजेत दिक्कुमारी व्हायला आमच्या घरच्या मुलींमध्ये चढाओढ, आणि खरं काम करणारीला पुढच्या दारानं प्रवेश नाही! हे मला लहानपणी कधी खटकलं नाही, याची आता लाज वाटते.

जुन्या वैद्यांना सुईणीची किंमत ठाऊक होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचं माप दिलंय, आठ हात लांब आणि चार हात रुंद. बाळंतिणीजवळ चार स्त्रिया असाव्यात: विश्वासाच्या, वयानं पोक्त, प्रसूतीच्या कामात कुशल आणि नखं कापलेल्या. नखं कापलेल्या! जंतू कुणाला माहीत नव्हते, पण नखांचं बरोबर ठाऊक होतं. चरकसंहितेत तर जवळच्या बाईनं काय बोलावं तेही आहे. कळ आली नसताना जोर करू नकोस, तो फुकट जातो. आधी हळूहळू, मग जोरानं.

हे वाचून मला माझी पहिली वेळ आठवली. शहरातलं नावाजलेलं हॉस्पिटल होतं. चौदा तास टेबलावर उताणी, पाणी प्यायला बंदी, बाहेर सासूबाई नि आई ताटकळत. कळ असो नसो, "जोर कर, जोर कर" एवढंच कानावर. सगळं सुखरूप झालं, तक्रार नाही. पण हात धरायला कोणी नव्हतं.

सुईण म्हणजे अडाणी आणि डॉक्टर म्हणजे सुरक्षित, हे आपल्या मनात इतकं बसलंय की व्हिएन्नाची हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात शंभरातल्या सुमारे दहा बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तीन-चार. दिवस ठरलेले असत, ज्या दिवशी याल त्या विभागात भरती. बायका पहिल्या विभागात जायला नको म्हणून गुडघे टेकून विनवण्या करत. शिकल्या-सवरलेल्यांना कारण सापडत नव्हतं, पण गरीब बायकांना फरक कळला होता.

इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण डॉक्टर तिथं कामाला होता. १८४७ मध्ये त्याचा एक सहकारी शवविच्छेदन करताना सुरी लागून वारला. त्याची लक्षणं बाळंतज्वरासारखीच होती, आणि सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी शवागारातून तसेच बाळंतिणीकडे येत होते. सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या, एवढाच फरक. त्याच वर्षी मे महिन्यात त्यानं क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा मरत होत्या, जूनमध्ये दोनच्या आसपास. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचं ऐकलं नाही. आपल्याच हातांनी बाया मेल्या हे कोण कबूल करेल? १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात वारला.

म्हणून सुईणींना देवत्व देऊ नका बरं का. आपल्याकडे विळ्यानं नाळ कापून धनुर्वातानं बाळं गेलीच आहेत. मूल आडवं आलं की सुईणीच्या हातात काही उरत नसे. आपल्या आनंदीबाई जोशींचं पहिलं मूल त्या चौदा वर्षांच्या असताना दहा दिवसांचं होऊन गेलं, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरच. १९०३ मध्ये लेडी कर्झननं दायांना शिकवण्यासाठी निधी उभारला. पण जिला दारात उभं करायचं नाही तिला शिकवणार कोण, आणि शिकली तरी मान देणार कोण?

इंग्लंडनं मात्र १९०२ मध्ये मिडवाइफचा कायदाच केला. शिक्षण, परीक्षा, नोंदणी सक्तीची. मिडवाइफ या शब्दाचा जुना अर्थच 'बाईच्या सोबत असणारी'. आमच्या आजीची सुईण त्यांच्याकडे पांढरपेशी झाली म्हणा ना.

तर ती करते काय? लेकीनं सांगितलेलं आणि मी वाचलेलं मिळून सांगते. कळा सुरू झाल्या की आधी फोनवर बोलते आणि बहुधा घरीच थांबायला सांगते. घाबरू नका, सुरुवातीच्या कळा घरीच बऱ्या जातात. गर्भाशयाचं तोंड चारेक सेंटिमीटर उघडलं आणि कळा नियमित झाल्या की खरं बाळंतपण सुरू झालं असं धरतात. तिथून पहिलटकरणीला सरासरी आठ तास, कधी अठरापर्यंत. मिडवाइफ दर पंधरा मिनिटांनी कळ संपल्यावर मिनिटभर बाळाचे ठोके ऐकते, जोर करायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. तासातासाला नाडी बघते, चार तासांनी रक्तदाब आणि ताप. आतून तपासायचं तर आधी विचारते. नको म्हणायचा हक्क आपला. ती चालायला, वाकायला, गुडघ्यांवर बसायला सांगते, कोमट पाण्यात बसवते, वेदनेसाठी नळीतून हुंगायचा वायू देते. बाळ झालं की ते उघड्या छातीवर, आणि नाळ लगेच कापायची नाही, निदान मिनिटभर थांबायचं. ठोके बिघडले, रक्तस्राव वाढला, पाणी हिरवट आलं, तर ती डॉक्टरांना हाक मारते. चिमटे लावणं नि सिझेरियन तिचं काम नव्हे, आणि कधी बोलवायचं हे कळणं हीच तिची मोठी विद्या.

खाण्यापिण्याचं आपल्याला महत्त्वाचं. तिथं सहसा हलकं खाऊ देतात, पाणी तर हवंच. लेकीचा रात्रिभोजन-त्यागाचा नियम. मी तिला सांगितलं, पच्चक्खाणात आगार असतात ते अशाच वेळेसाठी, आणि नियम काय आहेत ते मिडवाइफला आधीच सांगून ठेव. तिनं कागदावर लिहूनच दिलं: कंदमुळं नकोत, अंडं नको. त्या बाईनं ते वाचून दाखवलं म्हणे, एकही शब्द चुकू नये म्हणून.

आपल्याकडेही २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफ तयार करायचं धोरण आणलंय, नर्सना अठरा महिन्यांचं जादा शिक्षण देऊन. बघू.

भाद्रपदात नात झाली. अकरा तास लागले, पहाटे चार वाजता जावयांनी व्हिडिओ लावला. लेक पलंगाला धरून उभी होती आणि ती बाई मागून तिची कंबर दाबत होती, अगदी आजी सांगायची तशी. अकरा तासांत तिची पाळी बदलली, तेव्हा दुसरी आली आणि पहिलीनं जाताना लेकीला मिठी मारली.

तिथं बाळाला लाल रंगाची एक वही देतात, वजन-टोचणीची. लेकीनं त्या दोघींची नावं तिच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत. ते पान बघितल्यावर मी गावी मोठ्या काकांना फोन केला, आजीची सात बाळंतपणं करणाऱ्या त्या सुईणीचं नाव काय होतं म्हणून. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आम्ही सगळे तिला सुईणच म्हणायचो गं."