केबलची परतीची वाट
अमेरिकेतील डोंगराळ गावांत १९४८ च्या सुमारास उंचावर एकच ॲन्टेना उभारून घरोघर तारा नेण्यात आल्या. केबल दूरचित्रवाणीचा प्रारंभ तो हाच. घराने पाहावे, उलट काही पाठवू नये, अशीच त्या व्यवस्थेची घडण होती. १९९७ मध्ये ‘डॉक्सिस’ हे प्रमाणक निघून त्याच तारेतून इंटरनेटचा प्रसार वाढला. तथापि घराकडून जाणाऱ्या संदेशांच्या वाट्यास तेथे ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा आला. या दिशेस अभियंते ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. उगम दूर व घर उतारावर, हे शब्दातच गृहीत आहे! ही विषमता तारेच्या गुणधर्मातून नव्हे, तर इतिहासातून आली, असे आमचे मत आहे. ‘डॉक्सिस ४.०’ मध्ये परतीची वाट सेकंदास ६ गिगाबिटपर्यंत रुंदावण्याची तरतूद आहे. मात्र त्यासाठी वाटेवरील जुने प्रवर्धक बदलावे लागतात. आणि तेवढा खर्च करावयाचाच तर प्रकाशतंतूच का टाकू नये, या प्रश्नाच्या उत्तरावर केबलचे भवितव्य अवलंबून आहे.