वाटेवरची जोखीम

मराठीत ‘जोखीम’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. धोका हा त्याचा एक अर्थ; आणि जी जवळ बाळगल्याने धोका उत्पन्न होतो ती मौल्यवान चीजवस्तू, विशेषेकरून सोनेनाणे व दागदागिने, हा दुसरा. ‘सुनेच्या अंगावर जोखीम आहे, कोणी तरी सोबत द्या,’ असे आमच्या माळव्यातील जुन्या मराठी घरांतून अजूनही ऐकू येते आणि ऐकणाऱ्यास त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. तिजोरीत वा देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात असेपर्यंत त्या वस्तूस ‘डाग’ म्हणावे. ती वाटेस लागली की तिची जोखीम होते. हा शब्द रूढ होण्यामागे प्रवासाचा केवढा तरी अनुभव साठलेला असला पाहिजे. त्या अनुभवाचा मागोवा घ्यावा असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते.

दागिन्यांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो बहुधा मोठमोठ्या रत्नांचा. त्र्यंबकेश्वराशी ज्याचे नाव निगडित आहे तो नासक हिरा १८१८ साली पेशवाईच्या लुटीत इंग्रजांच्या हाती पडून लंडनच्या बाजारात गेला, ही हकीकत सर्वांस ठाऊक असते. परंतु असा हिरा एका गावाहून दुसऱ्या गावी कोणी, कशात गुंडाळून, कोठे दडवून नेला, हे विचारण्याची आपणांस सवय नाही. वास्तविक त्या काळच्या माणसाला रत्नाच्या पाण्याइतकीच ह्या गोष्टीची चिंता असे.

प्रथम दागिन्यांचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. सगळे दागिने एका डब्यात टाकून झाकण लावले म्हणजे ते सुरक्षित झाले, ही समजूत घरबसल्या माणसाची. हिऱ्याहून कठीण काही नाही आणि मोत्याहून नाजूक फारसे काही नाही. ही दोन एकत्र हिंदकळली तर चार मजलांत मोत्याचे पाणी जाते. मोत्यास घाम बाधतो, अत्तर बाधते, आणि अति कोरडी हवाही मानवत नाही. म्हणून नथ, चिंचपेटी, तन्मणी हे डाग मऊ सुती कापडात निराळे ठेवण्याची चाल पडली. गोठ, तोडे ह्यांसारखे पोकळ डाग बहुधा आत लाख भरून केलेले. बाहेरून ते भक्कम दिसतात. पण उन्हात तापले की लाख मऊ होते आणि वर ओझे पडले की पत्र्याला पोचा येतो. कुंदनाच्या कामातही खड्याखाली लाखच असते. वैशाखातल्या लग्नाला बैलगाडीने निघालेल्या कुटुंबाने असा डबा गाडीच्या तळाशी न ठेवता सावलीत मांडीवर का घ्यावा, ह्याचे कारण येथे आहे. आपण त्याला स्त्रियांचा हव्यास म्हणून हसतो, ते अज्ञानामुळे.

ह्या कामी पटवेकऱ्याचे महत्त्व फार मोठे, आणि त्याची आठवण आता बहुतेक बुजली आहे. रेशमात मणी ओवणारा हा कारागीर दोन मोत्यांमध्ये गाठ मारतो. ती गाठ शोभेसाठी आहे असे पुष्कळांस वाटते. पण मोती मोत्यावर घासू नये आणि वाटेत धागा तुटलाच तर एखादाच दाणा सुटावा, सगळी माळ धुळीत विखरू नये, हा तिचा उपयोग होय. म्हणून लांबच्या यात्रेपूर्वी डाग पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घेणे शहाणपणाचे ठरे. पुतळ्यांच्या माळेचा गुण आणखी वेगळा: अडचण पडली तर एकेक पुतळी काढून मोडता येते. तिला आम्ही गळ्यातली हुंडी म्हणू.

हुंडीचे नाव निघालेच आहे. जोखमीपासून बचावण्याचा सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे जोखीम बरोबर न घेणे. रोकड असेल तर ती पेढीवर भरावी आणि पुण्याची हुंडी काशीस वटवावी. वाटेत लुटारूस सापडला तर कागद सापडेल. परंतु दागिन्याची हुंडी होत नाही. सासरच्या घराण्याची नथ पुण्यास ठेवून काशीस तिच्या किमतीची दुसरी नथ घेता येत नाही, आणि लग्नात अंगावर डाग नसणे तर कोणास खपणार? शिवाय धर्मशास्त्राने ज्यास स्त्रीधन म्हटले त्यात अलंकार मुख्य. घर, शेत, वतन ह्यांवर जिचे नाव नाही अशा बाईची स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता एवढीच असे. ती मागे ठेवून निघावे तर परत येईपर्यंत घरातल्या भाऊबंदांचा काय भरवसा, आणि बरोबर घ्यावी तर वाटेचा काय भरवसा! ह्या पेचाची दखल आमच्या इतिहासकारांनी घेतलेली नाही, कारण ते दफ्तर लिहिणारे कारकून सारे पुरुष होते.

आता काही प्रसंग पाहू. आग्र्याहून १६६६ च्या ऑगस्टात शिवाजीमहाराज निसटले, तेव्हाचे मिठाईचे पेटारे शाळेतल्या प्रत्येक मुलास पाठ असतात. पण पेटाऱ्यांबाहेर पडल्यावर पुढचा शेकडो कोसांचा रस्ता कशाच्या बळावर काटला, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मोगली तवारिखांच्या आधारे जदुनाथ सरकारांनी दिलेला वृत्तान्त असा की, हातातल्या काठ्या पोखरून त्यांत जवाहीर, मोहोरा व होन भरले होते. काही ऐवज जुन्या जोड्यांत होता. आणि हिरे-माणके मेणात गुंडाळून सेवकांच्या कपड्यांत व तोंडांतही दडवली होती. ह्या तवारिखांपैकी खाफीखानाची प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली असून महाराजांविषयी तो ममत्वाने लिहीत नाही. तरी हा तपशील आम्हांस विश्वसनीय वाटतो, कारण बैराग्याच्या वेषास शोभणारी वस्तू तेवढीच: काठी आणि फाटका जोडा. मेणाचा उपयोगही विचारपूर्वक आहे. मेणाने खडा खडखडत नाही, चमकत नाही, एकमेकांवर घासत नाही, आणि हाताला लागला तरी खडा वाटत नाही. सगळा ऐवज एका ठिकाणी न ठेवता अनेक अंगांवर वाटणे हे ह्यातील दुसरे तत्त्व. त्याच न्यायाने महाराजांनी आपली सर्वांत मोठी जोखीम, म्हणजे बालसंभाजी, बरोबर न घेता मथुरेस मोरोपंत पिंगळ्यांच्या मेहुण्यांच्या स्वाधीन केली.

हे तत्त्व जेथे पाळणे शक्य नव्हते असा प्रसंग म्हणजे पानिपत. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेतील तीर्थे घडावीत म्हणून बायकामुले व यात्रेकरू मोठ्या संख्येने निघाले होते. लढाईची छावणी आणि यात्रेची छावणी एकच झाली. साहजिकच घराण्यांचे अलंकार रणांगणाच्या पिछाडीस जाऊन पोहोचले. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी कशाने काय वाचणार होते? नाना फडणीस त्या वेळी अठरा वर्षांचे. त्यांनी आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे की घोडा सोडून, अंगावरचे टाकून, फकिरासारखे पायी निघाले म्हणून ते वाचले. आई मात्र त्यांस परत मिळाली नाही. अंगावर काही असणे हेच मरणाचे कारण होते. पुढे नर्मदेच्या वाटेवर पेशव्यांच्या हाती सावकारी कासिदाजवळचे जे पत्र पडले, त्यात पराभवाची बातमी जवाहिराच्या सांकेतिक भाषेत होती: मोती दोन गेले, मोहोरा सत्तावीस हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा आशयाची. ही हकीकत ग्रँट डफने नोंदविली आहे. विश्वासराव आणि भाऊसाहेब ही ती दोन मोती. सावकारी पत्रात हीच भाषा वापरावी ह्यात आम्हांस नवल वाटत नाही. वाटेवर काय हरवते ह्याचा नित्य हिशेब ठेवणारे लोक तेच.

सावकार स्वतः जोखीम कशी पाठवीत, हे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतील इंग्रजी कागदांतून अधिक कळते. मुंबईहून खानदेश ओलांडून इंदूर-उज्जैनकडे अफूच्या व्यापारासाठी पैसा, सोने, जवाहीर येत असे. ते आणणारे रोकडिये निवडक आणि इमानी लोक असत. बरोबर शिपायांची गर्दी नाही, छकडा नाही, पेटी नाही. वेष एखाद्या दरिद्री वाटसरूचा, आणि ऐवज कमरेच्या कशात अथवा कपड्यांच्या अस्तरात. पहारा ठेवला तर पहाऱ्यामुळेच बभ्रा होतो, ह्या अनुभवावर ही पद्धत उभी होती. पण जी युक्ती चोराला फसवते ती चोर शिकतोच. ठगांचा माग काढणाऱ्या स्लीमनच्या १८३६ च्या ग्रंथावरून दिसते की ठग ह्या रोकडियांस चालीवरून, बोलण्यावरून, मुक्कामाची जागा निवडण्याच्या रीतीवरून ओळखू लागले होते. ठगांविषयीच्या त्या लिखाणात सरकारी सोयीची अतिशयोक्ती बरीच आहे, असे अलीकडच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. ते आम्हांस मान्य आहे. तथापि रोकडिये मारले जात एवढे निश्चित. त्यांतील बहुतेकांची नावे कोणासही माहीत नाहीत. ज्यांच्या इमानावर इंदूरच्या पेढ्या चालल्या त्यांची इंदूरकरांनी आठवण ठेवू नये, ही गोष्ट मनास लागते.

१८५७ च्या धामधुमीचे आमच्या भाषेतील सर्वांत जिवंत चित्र वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांच्या ‘माझा प्रवास’ ह्या पुस्तकात आहे. भारताचार्य चिंतामणराव वैद्य ह्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. गोडसेभटजी निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल ह्या आशेने, घरचे कर्ज फेडावे म्हणून. ह्या प्रवासात त्यांनी मिळविले आणि मिळविलेले झाशीच्या लुटीत गेले. शेवटी खांद्यावरून वरसईला पोहोचली ती गंगोदकाची कावड. ती लुटावी असे कोणासही वाटले नाही! त्याच धामधुमीत बिठूरहून नानासाहेब पेशव्यांबरोबर निघालेला नौलखा हार नेपाळात जंगबहादुराकडे गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी दरभंग्याच्या महाराजांच्या खजिन्यात पोहोचला. तराईच्या जंगलातून तो नेला गेला, पण कोणाच्या कमरेला बांधून, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पुढे आगगाडी आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा पहिला रस्ता सुरू झाला आणि पुढील पन्नास वर्षांत बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद ही आमच्या वस्तीची ठिकाणे दक्षिणेशी जोडली गेली. महिन्याची वाट दोन रात्रींची झाली. घाटातला लुटारू मागे पडला, आणि त्याच्या जागी डब्यात शेजारी बसून आपुलकीने चौकशी करणारा सभ्य गृहस्थ आला. जुन्या प्रवासात सगळा तांडा एकमेकांस ओळखत असे. येथे कोणीच कोणाला ओळखत नाही. आमच्या मते दागिन्यांच्या प्रवासातील सर्वांत मोठा बदल हाच होय.

कायद्यानेही ह्या जोखमीची व्यवस्था ठरविली. १८९० च्या रेल्वे कायद्याप्रमाणे सोने, मोती, जडजवाहीर असा माल शंभर रुपयांवरचा असेल तर पाठविताना त्याची किंमत लिहून देऊन जादा आकार भरावा लागे. न भरल्यास कंपनी नुकसानीस बांधलेली नसे. आणि जे सामान नोंदवून पावती घेतली नाही, उतारूच्या स्वतःच्याच ताब्यात राहिले, त्याची जबाबदारी कंपनीवर मुळीच नव्हती. आता जादा आकार भरण्यासाठी खिडकीपाशी उभे राहून आपल्याजवळ काय काय आहे, हे साऱ्या फलाटाच्या देखत कोण सांगणार? व्यापाऱ्यांनी ती सोय घेतली असेल. मराठी घरांतील बायांनी मात्र मोती सुती कापडात आणि सोने गुलाबी कागदात गुंडाळले, कशाला दुहेरी गाठ दिली, तो लुगड्याच्या आत कमरेला बांधला, आणि बडोद्याहून पुण्यापर्यंत रात्रभर जागून प्रवास केला.