संततिनियमनाची सुई

औषधाचा गुण चार दिवसांत दिसतो. त्याचा दोष दिसावयास कधीं कधीं तपें लोटतात. औषध घेणारें माणूस मुळांत निरोगी असेल, तर हा विचार अधिकच निकडीचा होतो. संततिनियमनाच्या सुईचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

र. धों. कर्वे यांनीं 1921 सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांतून हें ज्ञान मराठी वाचकांपुढें निर्भयपणें मांडलें. त्या काळीं ही सुई नव्हती. प्रोजेस्टेरॉन हें संप्रेरक स्त्रीच्या शरीरांत स्वभावतः उत्पन्न होतें. त्याच्यासारखेंच कृत्रिम द्रव्य 150 मिलिग्रॅम टोंचलें म्हणजे तीन महिने गर्भ राहत नाहीं. रोज गोळीची आठवण ठेवावयास नको, घरांत कोणास कळावयास नको. ही सोय लहान नव्हे. परंतु गोळी दुसऱ्या दिवशीं सोडतां येते. टोंचलेलें औषध काढून टाकतां येत नाहीं.

कुत्र्यांवरील प्रयोगांत स्तनांत गांठी आढळल्या, म्हणून अमेरिकेनें 1978 सालीं तिला परवानगी नाकारली आणि 1992 सालीं दिली. आपल्याकडे याच जातीच्या ‘नेट-एन’ सुईचे प्रयोग चालले असतां, स्त्रियांस पुरती माहिती दिली जात नाहीं, अशी तक्रार घेऊन स्त्रीसंघटना 1986 सालीं सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. पुढें 1993 सालीं अमेरिकेंतील त्या सुईस येथें विक्रीची परवानगी मिळाली. सरकारी कार्यक्रमांत मात्र ती ‘अंतरा’ या नांवानें 2017 सालीं आली.

मौज अशी कीं, कुत्र्यांवरून जें भय घेतलें, तें मनुष्याच्या बाबतींत तसेंच खरें ठरलें नाहीं. आणि आरंभीं ज्यांची फारशी चर्चा नव्हती, ते दोष मागाहून पुढें आले. दीर्घकाळ सुई घेतल्यानें हाडांची घनता घटते, असा ठळक इशारा अमेरिकेंत 2004 सालीं देण्यांत आला. सुई थांबविल्यावर ही झीज बव्हंशीं भरून येते. 2024 सालीं फ्रान्समधील अभ्यासांत, वर्षाहून अधिक काळ सुई घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणावरील गांठीचा धोका सुमारें पांचपट आढळला. रोग मुळांत विरळा, म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पण लपविण्याचेंही नाहीं.

गोदाकांठीं विष्णुपुरीस नांदेडचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभें आहे. भोवतालच्या मराठवाड्यांतून ऊसतोडणीस जाणारी बाई दिवाळीच्या सुमारास घर सोडते आणि उन्हाळ्यांत परतते. तिनें सुई घेतली, तर पुढील सुईची पाळी परजिल्ह्यांतील उसाच्या फडावर येते. तेथें तिचें डोकें दुखूं लागलें, पाळी चुकली किंवा रक्तस्राव लांबला, तर कोणास सांगावें? तिच्या हातीं कार्ड दिलें जातें. पण त्यावरील मजकूर तिला कोणी वाचून दाखविला काय? कालांतरानें उमटणारा दोष अशाच स्त्रियांच्या नोंदींतून जगास कळत असतो. ज्यांची नोंद राहत नाहीं, त्यांचें दुखणें शास्त्रासही दिसत नाहीं.

सुई चांगली कीं वाईट, हा वाद वैद्यांनीं करावा. परंतु टोंचण्यापूर्वीं जें ठाऊक आहे तें सांगणें, आणि नंतर पुष्कळ वर्षें विचारपूस करणें, हें देणाऱ्याचें कर्तव्य आहे. तें या इतिहासांत वारंवार उशिरां बजावलें गेलें.